सनदेच्या आधीची वाट

(प्रस्तावना)

महाराष्ट्रात बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. ‘आता पुढं काय’ हा विषय बहुतेक घरांत त्या दिवशी निघतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे क्लॅट, गेली काही वर्षं त्याच्या आदल्या डिसेंबरात होते आणि तिचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरातच बंद होतात. गुणपत्रिका हातात घेऊन ‘मला वकील व्हायचंय, सगळ्यात चांगलं कॉलेज कुठलं?’ असं विचारणाऱ्या मुलीला खरं उत्तर द्यायचं तर सांगावं लागतं की त्या कॉलेजांचं यंदाचं दार सहा-सात महिन्यांपूर्वीच बंद झालं. ती नापास झालेली नाही. अशी परीक्षा असते, एवढंही तिला कुणी सांगितलेलं नाही. शाळेतल्या सरांना ठाऊक नव्हतं, घराण्यात कुणी वकील नव्हतं आणि तालुक्याच्या गावी क्लास आहेत ते नीट आणि जेईईचे.

वकिलीच्या पेशात कोण येतं आणि कोण येत नाही, ही चर्चा आपण सहसा वरून सुरू करतो. सर्वोच्च न्यायालयात स्त्रिया किती, उच्च न्यायालयांत दलित किती, आदिवासी किती. ती चर्चा हवीच, तिच्याकडे मी पुढे येणार आहे. पण ही पुस्तिका तळापासून सुरू होते. ती अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. तिला प्रस्तावना लिहिताना मला एका माणसाचं काम जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण हा प्रश्न तळापासून हाती घ्यायचा असतो हे आपल्या देशात त्यानं करून दाखवलं. त्याचं नाव शमनाद बशीर.

बशीर मूळचे केरळातल्या कोल्लमचे, जन्म १९७६ चा. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये ते शिकले, दिल्लीत काही काळ वकिली केली, मग ऑक्सफर्डला जाऊन बीसीएल आणि डॉक्टरेट केली. त्यांचा विषय बौद्धिक संपदा, म्हणजे पेटंट, कॉपीराइट वगैरे. २००५ मध्ये त्यांनी ‘स्पायसीआयपी’ हे या विषयाला वाहिलेलं संकेतस्थळ सुरू केलं. औषधाच्या पेटंटसारख्या किचकट गोष्टी सामान्य वाचकाला कळतील अशा भाषेत तिथं लिहिल्या जाऊ लागल्या. ग्लिव्हेक या कर्करोगावरच्या औषधाच्या पेटंटसाठी नोव्हार्टिस कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा बशीर कुठल्याही पक्षकाराच्या वतीनं नव्हे, तर अभ्यासक म्हणून न्यायालयापुढे उभे राहिले. १ एप्रिल २०१३ च्या निकालानं ते पेटंट नाकारलं. पुढच्याच वर्षी त्यांना मानव्यविद्येसाठीचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. अशा माणसाला परदेशातलं अध्यापन आणि मोठ्या कंपन्यांचं काम सहज मिळालं असतं. काही काळ ते अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवतही होते. २००८ मध्ये मात्र ते कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परत आले.

तिथल्या वर्गात त्यांना जे दिसलं, त्यातून पुढचं सगळं घडलं. समोर देशातले हुशार विद्यार्थी बसलेले, पण बहुतेक एकाच थरातले. इंग्रजी शाळेत शिकलेले, मोठ्या शहरांतले, आईवडील सुशिक्षित आणि सुस्थितीतले. पुढे बशीर यांनी उभ्या केलेल्या संस्थेनं विधी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तिच्यातही हेच चित्र निघालं. यात त्या विद्यार्थ्यांचा काही दोष नव्हता. गाळणीच तशी होती.

ती गाळणी कशी चालते ते नीट पाहू. क्लॅटचा पेपर इंग्रजीत असतो, फक्त इंग्रजीत. सध्या १२० प्रश्न आणि १२० मिनिटं. उत्तर चुकलं तर पाव गुण वजा. २०२० पासून पेपरची घडण अशी की आधी साधारण साडेचारशे शब्दांचा उतारा वाचायचा आणि मग त्यावरचे प्रश्न सोडवायचे. हा उतारा वर्तमानपत्रातल्या संपादकीयाच्या धाटणीचा असतो. त्यात एखाद्या करारातली अट असेल, एखाद्या निकालाचं तात्पर्य असेल. कायदा आधी येत असण्याची गरज नाही, हे तत्त्व म्हणून उत्तमच आहे. पण पहिलीपासून मराठीत शिकलेल्या मुलीपुढे हा उतारा ठेवा. तर्क तिला जमतो. घरातल्या सातबाऱ्यावरची नावं आणि वाटणीची भांडणं ऐकत ती वाढली आहे, मालकी आणि ताबा यांतला फरक तिला शहरातल्या मुलापेक्षा लवकर कळेल. तिचे दोन तास जातात ते वाक्याचा कर्ता कुठं आणि क्रियापद कुठं हे शोधण्यात. ऐंशीव्या प्रश्नापाशी घंटा होते. पेपर तपासणाऱ्या यंत्राच्या लेखी ती तर्कात कच्ची ठरते.

त्याआधी अर्जाचे पैसे आहेत. खुल्या गटाला चार हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना साडेतीन हजार. क्लासची फी त्याच्या कितीतरी पट. प्रवेश मिळालाच तर वर्षाचा खर्च बहुतेक ठिकाणी अडीच-तीन लाखांच्या घरात, काही विद्यापीठांत त्याहून जास्त, आणि अभ्यासक्रम पाच वर्षांचा. नॅशनल लॉ स्कूलची कल्पना १९८० च्या दशकात प्रत्यक्षात आली, ती देशाला सामाजिक जाण असलेले उत्तम वकील मिळावेत म्हणून. वकिली तिथं पहिल्यांदा डॉक्टरकी-इंजिनिअरिंगच्या तोडीची झाली. त्याच वेळी या दर्जाचं कायद्याचं शिक्षण गरिबाच्या आवाक्याबाहेर गेलं. आपल्याकडे पुण्याचं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा जिल्ह्याच्या गावचं लॉ कॉलेज यांतून गरिबाघरची मुलं पूर्वीपासून वकील होत आली आहेत आणि आजही होतात. पण मोठ्या लॉ फर्म, न्यायमूर्तींच्या हाताखालची संशोधन सहायकाची कामं, परदेशी शिष्यवृत्त्या, हे सगळं विधी विद्यापीठांच्या वाटेवर अधिक सहज भेटतं.

बशीर यांनी २०१० मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन एक उपक्रम उभा केला. त्याचं नाव ‘इन्क्रीजिंग डायव्हर्सिटी बाय इन्क्रीजिंग अ‍ॅक्सेस टू लीगल एज्युकेशन’, थोडक्यात आयडीआयए. सुरुवातीची फेरी झाली ती सिक्कीममधल्या पेलिंग या डोंगरातल्या छोट्या गावी, तिथल्या शाळेत. विधी विद्यापीठाचे विद्यार्थी स्वतः तिथं गेले आणि कायद्याचं शिक्षण काय असतं, त्यातून काय काय होता येतं, हे त्यांनी मुलांना सांगितलं. वाचायला ही गोष्ट साधी वाटते. पण त्याआधी विद्यापीठ आपल्या गावी बसायचं आणि यायचं त्यानं यावं, अशी रीत होती. बशीर यांनी ती उलटी केली.

पुढची पद्धत अशी की शाळाशाळांत जाऊन आधी माहिती द्यायची, मग कल चाचणी घेऊन आणि घरची परिस्थिती पाहून काही मुलं निवडायची, त्यांना क्लॅटसाठी तयार करायचं. शिकवणारे बहुतांशी विधी विद्यापीठांतलेच विद्यार्थी, स्वयंसेवक म्हणून. क्लासवाल्यांकडून साहित्य आणि जागा मिळवायच्या. मुलाला प्रवेश मिळाला की काम संपत नाही, उलट वाढतं. फी, वसतिगृह, पुस्तकं, लॅपटॉप, जाण्यायेण्याचा खर्च, आणि ज्याच्याकडे अडचण मोकळेपणानं सांगता येईल असा एक अनुभवी माणूस. गाव सोडून अशा विद्यापीठात गेलेला मुलगा पहिल्या सत्रात जेवणाच्या टेबलावर गप्प बसतो, वर्गात हात वर करत नाही, इंग्रजीतल्या चर्चेत आपला मुद्दा मनातल्या मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. तो तिथून निघून घरी आला तर त्याच्या गावातून पुढची दहा वर्षं कुणी जाणार नाही. म्हणून प्रवेशानंतरची साथ ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, असं मला वाटतं. शिष्यवृत्तीचा धनादेश देऊन मोकळं होणाऱ्या योजना नेमक्या इथं कमी पडतात.

या वाटेनं गेलेल्यांत दगडखाणीत काम करणाऱ्याची मुलगी आहे, शेतमजुरांची मुलं आहेत, दृष्टिहीन विद्यार्थी आहेत. दृष्टिहीनांच्या बाबतीत अडथळा वेगळाच. आकृत्यांवरचे प्रश्न, लेखनिक मिळवण्याची यातायात, स्क्रीन रीडरला वाचता न येणारी स्कॅन केलेली पुस्तकं. इथं बशीर यांचा कॉपीराइटचा अभ्यास आणि हे काम एकमेकांना येऊन मिळतात, कारण दृष्टिहीनांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक तयार करायला कायद्यानं मुभा असावी लागते. आपल्या कायद्यात ती २०१२ च्या दुरुस्तीनं आली. नागपूर विद्यापीठातून कायदा शिकलेले दृष्टिहीन वकील राहुल बजाज ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले आणि परत येऊन अपंगांच्या हक्कांसाठी काम करू लागले. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ दृष्टी नाही म्हणून कुणालाही न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही. मध्य प्रदेशचा तसा नियम त्या दिवशी रद्द झाला. आता तिथवर पोचणारी मुलं तयार व्हायला हवीत, आणि ती तयार होण्याची जागा शाळा हीच आहे.

बशीर यांच्या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अजून सांगायची आहे. मुलांना परीक्षेसाठी तयार करता करता त्यांनी परीक्षेलाच प्रश्न विचारले. २००८ पासून क्लॅट आळीपाळीनं एकेक विद्यापीठ घेत असे. दरवर्षी नवा आयोजक, दरवर्षी नव्या चुका. चुकीचे प्रश्न, चुकीच्या उत्तरसूची, अर्जाची जबर फी, अपंगांची गैरसोय. २०१५ मध्ये बशीर यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि परीक्षेसाठी कायमस्वरूपी, तज्ज्ञ यंत्रणा हवी अशी मागणी केली. पुढे २०१७ मध्ये विधी विद्यापीठांचा संघ स्थापन झाला आणि आता परीक्षा तोच घेतो. सगळ्या तक्रारी मिटल्या असं नाही. परीक्षा अजून इंग्रजीतच आहे. ती भारतीय भाषांतही व्हावी म्हणून २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. तरी एक गोष्ट पक्की झाली. एका हातानं मुलाला कुंपणावरून उचलून घ्यायचं आणि दुसऱ्या हातानं कुंपण किती उंच असावं याचा जाब विचारायचा, ही दोन्ही कामं एकाच माणसाला करता येतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये कर्नाटकातल्या चिकमगळूर परिसरात बशीर यांचं निधन झालं. वय अवघं ४३. संस्था त्यांच्या मागे चालू राहिली, राज्याराज्यांतल्या विद्यार्थ्यांच्या बळावर.

हे सगळं कोलकाता, बंगळुरू आणि सिक्कीमचं आहे, आपला याच्याशी काय संबंध, असं एखाद्या वाचकाला वाटेल. आपला संबंध फार जुना आहे. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, १८९२ मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. परीक्षा दिली तरी वकिली करता येईना, कारण स्त्रीला सनद नव्हती. १९२३ च्या कायद्यानं ती बंदी उठली, तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्याच मारेगावात जन्मलेल्या मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, लंडनहून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. आणि १९२३ मध्येच डॉ. आंबेडकरांनी मुंबईत वकिली सुरू केली. सनदेचे पैसे नव्हते. ते मित्र नवल भथेना यांच्या मदतीनं उभे राहिले. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला तयार नसत, म्हणून सुरुवातीला कामं आली ती मुफस्सल भागातली, गरिबांची. बारा वर्षांनी, १९३५ मध्ये, तेच मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

आणि कोल्हापूर. शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली, १९०२ मध्ये नोकऱ्यांत राखीव जागा दिल्या, हे आपण शाळेत शिकतो. त्यांनी आपल्या संस्थानात अस्पृश्य समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. न्यायालयात कोण उभा राहू शकतो, याला त्या समाजाच्या मुक्तीत किती महत्त्व आहे, हे त्या राजानं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. शाहूंनी सनद दिली, बशीर सनदेच्या आधीच्या वाटेवर जाऊन उभे राहिले. दोघांनी एकाच कामाची दोन टोकं धरली.

हे काम कशासाठी? उपकार म्हणून नव्हे, एवढं आज बहुतेक जण मान्य करतात. पण मग कशासाठी, हे नेमकं सांगायला हवं. मला त्याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसतं. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती असली पाहिजे, असा तो तर्क. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, खाकी कपड्यांपुढे एक गरीब आदिवासी मुलगी गप्प राहते तेव्हा त्या गप्प राहण्याचा अर्थ काय, हे ज्याला घरातून, वस्तीतून ठाऊक आहे असा माणूस त्या निकालात कुठंही दिसत नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ज्यांना गप्प राहण्याचा अर्थ कळतो अशी माणसं वकिलांच्या बाकावर आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर पुरेशी असती, तर तो तर्क भर न्यायालयात तिथल्या तिथं खोडला गेला असता, असं मी ठामपणे म्हणतो. पेशात नाना तऱ्हेची माणसं हवीत ती न्याय नीट व्हावा म्हणून.

आता वरच्या टोकाकडे. केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून जुलै २०२३ पर्यंत उच्च न्यायालयांत नेमलेल्या ६०४ न्यायमूर्तींपैकी ४५८ सर्वसाधारण प्रवर्गातले होते. अनुसूचित जातींचे १८, अनुसूचित जमातींचे ९, इतर मागासवर्गीय ७२, अल्पसंख्याक ३४. उरलेल्या १३ जणांची माहिती उपलब्ध नव्हती. सर्वोच्च न्यायालयात १९५० पासून २०२१ पर्यंत एकूण ११ स्त्रिया न्यायमूर्ती झाल्या. त्यांतल्या सुजाता मनोहर आणि रंजना देसाई मुंबई उच्च न्यायालयातल्या. १४ मे २०२५ रोजी अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले. दलित समाजातून आलेले ते दुसरे सरन्यायाधीश, के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे. पंचाहत्तर वर्षांत दोन.

याच्या शेजारी एक वेगळा आकडा ठेवा. जिल्हा आणि तालुका न्यायालयांतल्या न्यायाधीशांमध्ये स्त्रियांचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त आहे. उच्च न्यायालयांत ते साधारण सातात एक. कायदा तोच, देश तोच. फरक दाराचा आहे. खालच्या न्यायालयात जायला जाहिरात निघते, लेखी परीक्षा असते, अभ्यासक्रम छापलेला असतो, बहुतेक राज्यांत आरक्षण असतं. वरच्या न्यायालयात जायला वकिलीत नाव असावं लागतं, आणि नाव व्हायला आधीची वीस वर्षं कुणाच्या चेंबरमध्ये बसायला मिळालं यावर बरंच अवलंबून असतं.

त्या वीस वर्षांतली पहिली पाच सगळ्यात कठीण. तालुका कोर्टातला नवा वकील सकाळी बोर्ड पाहतो, रोजनामा उतरवून घेतो, नकलांसाठी अर्ज देतो, वकीलपत्रावर कोर्ट फीचा स्टँप लावतो, सीनियर दुसऱ्या कोर्टात अडकले की मॅटर थोडं मागे ठेवण्याची विनंती करतो. संध्याकाळी सीनियरच्या ऑफिसात टिपणं काढतो. महिन्याच्या शेवटी हातात काय पडेल हे ठरलेलं नसतं. कधी गाडीभाडं, कधी तेही नाही. वडिलांचं ऑफिस असेल तर हा काळ शिकण्याचा. गावाकडे पैसे पाठवायचे असतील तर हाच काळ पेशा सोडायला लावणारा. मुली तर याच काळात गळतात, कारण घरचे विचारतात की एवढं शिकून मिळतं काय. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, बंधन नाही.

त्या मानानं सनदेच्या फीचा प्रश्न सरळ सुटला. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनं नोंदणी शुल्क ७५० रुपये ठरवलेलं, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. प्रत्यक्षात राज्यांच्या बार कौन्सिल पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत घेत होत्या. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे बेकायदा ठरवलं, आणि अशा वसुलीचा फटका दुर्बल घटकांनाच बसतो हेही स्पष्ट सांगितलं. कायद्याच्या पुस्तकात आकडा कलमातच होता, तो बजावून घ्यायला कुणीतरी कोर्टात जावं लागलं. अंतराचंही तसंच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांना उच्च न्यायालयाचं काम करायला आता मुंबईत खोली घ्यावी लागत नाही. पक्षकारांची सोय झाली हे सगळ्यांनी लिहिलं. माझ्या मते तेवढीच मोठी गोष्ट ही की सांगलीची एखादी तरुण वकील घरी राहून उच्च न्यायालयात उभी राहू शकेल.

बशीर यांच्या वाटेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. एवढा खर्च करून शिकवलेली मुलं शेवटी कॉर्पोरेट फर्ममध्येच जातात, मग समाजाला काय मिळालं? मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. सुस्थितीतल्या घरचा मुलगा फर्ममध्ये गेला तर आपण त्याचं अभिनंदन करतो, मग मजुराच्या मुलीकडूनच समाजसेवेची हमी का मागायची? तिनं आधी घर सावरावं, कर्ज फेडावं, धाकट्याला शिकवावं. आपली वाट तिनं निवडावी. फर्ममध्येही तिच्यासारखी माणसं हवीतच, कारण देशातले मोठे व्यवहार तिथं ठरतात.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी एक संस्था वर्षाला मोजकीच मुलं तयार करू शकते. देशात पंचवीसच्या आसपास राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. त्यांतली तीन, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची, आपल्या राज्यात आहेत आणि त्यांत राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी जागाही राखीव आहेत. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा, समाजकल्याणची वसतिगृहं, रयत शिक्षण संस्थेच्या शाळा, एवढं जाळं पसरलेलं असताना या तिन्ही विद्यापीठांनी दरवर्षी ठरवून शाळांमध्ये का जाऊ नये? एका प्राध्यापकानं पदरमोड करून, विद्यार्थ्यांच्या सुट्ट्या मागून जे केलं, ते विद्यापीठांचं रोजचं काम व्हायला हवं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

पुस्तिकेत पुढे काय आहे ते थोडक्यात सांगतो. क्लॅट आणि राज्याची सीईटी यांची माहिती, दोन्हींचं वेळापत्रक, शिष्यवृत्त्या, कागदपत्रं, आणि या वाटेनं गेलेल्यांचे अनुभव. राज्याच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी मराठीतूनही देता येते, हे अनेक शिक्षकांनाही माहीत नसतं. त्या प्रकरणाकडे त्यांनी आवर्जून लक्ष द्यावं.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. वकील असाल तर हाताखालच्या एका तरी ज्युनिअरला दरमहा ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम द्या. शिक्षक असाल तर जुलै-ऑगस्टात क्लॅटचे अर्ज सुरू होतात तेव्हा, आणि बारावीच्या परीक्षेआधी सीईटीचे अर्ज निघतात तेव्हा, शेवटची तारीख वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि ती उलटेपर्यंत पुसू देऊ नका.